चप्पल निसटली तेव्हाच निघायला हवं होतं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत तुम्ही स्ट्रोकवर (मेंदूचा झटका, लकवा) पाऊण पान दिलंत, बरं वाटलं, पण वाचून झाल्यावर चिडचिड पण झाली म्हणून हे पत्र. तरुण वयात स्ट्रोक का येतो तर म्हणे लॅपटॉप, पिझ्झा, नाईट शिफ्ट आणि ताणतणाव. फोटो पण तसाच, टाय लावलेला मुलगा डोकं धरून बसलाय. (बहुतेक स्ट्रोकमध्ये काही दुखत नाही हो. दुखलं असतं तर लोक धावत आले असते.) संध्याकाळी तोच लेख आमच्या ग्रुपवर फिरला आणि खाली सुरू झालं, आगरी-कोळ्यांना दारूनं होतो, मारवाड्यांना तुपानं, घाटावरच्यांना तंबाखूनं, प्रत्येकाला दुसऱ्याच्या समाजाचा रोग बरोबर माहीत.

मी ३१ वर्षं ठाण्यात सिस्टर होते, त्यातली निम्मी वर्षं मेडिकल वॉर्डात. रिटायर होऊन आता कोपरखैरण्याला घरीच असते. लेक फिजिओथेरपिस्ट आहे, ती काय काय वाचायला पाठवते ते चष्मा लावून वाचते. मला म्हणायचंय ते एवढंच की स्ट्रोक कोणाला येतो आणि त्यातनं उठून चालायला कोण लागतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हीचं उत्तर जातीत शोधून सापडत नाही, ज्याचं बीपी कधी कोणी मोजलंच नाही त्याच्याकडे बघा, आणि दवाखान्यात पोचला तेव्हा घड्याळात किती वाजले होते ते बघा.

आता घरचीच गोष्ट सांगते, कारण त्यात माझी पण चूक आहे.

माझे धाकटे दीर एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. वय ५२. मूळ गाव जावळीत, पण सगळा जन्म गोण्या उचलण्यात गेला, आधी मुंबईत आणि मग मार्केट इकडे आलं तेव्हा वाशीला. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन थप्पी लावणारा माणूस, पोट नाही, शुगर नाही, त्यांना बघून कोणी म्हणणार नाही की यांना काही होईल. गेल्या वर्षी भाऊबीजेला सगळे जमलो होतो तेव्हा मी सवयीनं मशीन काढलं आणि सगळ्यांचं बीपी बघितलं, भाऊजींचं १६८ वर १०४. पाच मिनिटं बसवून परत घेतलं, तेवढंच. मी ओरडले, तर म्हणाले, वहिनी, घाम गाळणाऱ्याला कसलं आलंय बीपी, ते खुर्चीवर बसणाऱ्यांना होतं. गोळी सुरू केली, पंधरा दिवस घेतली, काही त्रास नाही म्हणून बंद केली. मला कळलं होतं. मी पण म्हटलं बघू, मग लग्नसराई, मग राहिलंच. ३१ वर्षं दुसऱ्यांना गोळ्या चुकवू नका म्हणून सांगणारी बाई मी, घरच्या माणसाच्या मागे लागले नाही.

मार्च महिन्यात एक दिवस दुपारी दीडच्या सुमाराला भाऊजी मार्केटमधून लवकर घरी आले. जाऊबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या सांगतात, गल्लीतून येताना यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटली, दोन पावलं पुढे गेले आणि मग लक्षात आलं, मागे येऊन पायात घातली, परत निसटली. तिसऱ्यांदा चप्पल हातात घेऊन आले. जाऊबाई हसल्या पण, म्हणाल्या, नवी घ्या की आता, किती दिवस वापरणार. जेवताना डाव्या हातातला पाण्याचा तांब्या नीट धरता येईना. म्हणाले, आज गोण्या जास्त झाल्या, हात जड पडलाय, जरा पडतो. आणि दोन वाजता झोपले.

साडेपाचला उठवायला गेल्या तर तोंड वाकडं आणि बोलणं बोबडं.

मग आपल्याकडे जे होतं ते सगळं झालं. शेजारच्या आजी म्हणाल्या, अंगावरून वारं गेलंय, पंखा बंद करा, तीळतेल चोळा. एकानं चमच्यानं साखरपाणी पाजलं, ते अर्धं ओठातून बाहेर आणि अर्धं ठसक्यात गेलं (स्ट्रोकच्या पेशंटला गिळता येतंय की नाही हे बघितल्याशिवाय थेंबभर पाणी सुद्धा द्यायचं नसतं, ते छातीत उतरतं आणि न्युमोनिया होतो, मी वॉर्डात असे कितीतरी बघितलेत). गावावरून फोन आला की कबुतराचं रक्त चोळतात तो माणूस ओळखीचा आहे, रात्रीच्या गाडीनं घेऊन या. कोणाकडे तरी बीपी झटकन पाडणारी, जिभेखाली ठेवायची गोळी होती, ती ठेवणार तेवढ्यात माझा फोन लागला आणि मी किंचाळले. मी त्या दिवशी डोंबिवलीला बहिणीकडे होते, तिथून काय करणार, फोनवर नुसतं निघा निघा.

सव्वासहाला रिक्षानं जवळच्या नर्सिंग होमला. तिथं बीपी २१० वर १२०, एक सलाईन लावलं, पाऊण तास ठेवलं आणि म्हणाले, मोठ्या ठिकाणी न्या. मोठ्या ठिकाणी गेले तर तिथलं सीटी स्कॅनचं मशीन त्या दिवशी बंद. नाव लिहीत नाही, लिहून काही होत नाही, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं बंद असतं. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत आठ चाळीस झाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सीटी झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त अडलेलं, डॉक्टर तरुण होता, चांगला होता, त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा की, हे शेवटचे एकदम ठीक कधी होते?

हा प्रश्न लोकांना माहीतच नाहीये आणि तुमच्या लेखात पण तो नव्हता. गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन आहे ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते साडेचार तास तोंड वाकडं दिसलं तिथून मोजत नाहीत, माणूस शेवटचा धडधाकट कधी होता तिथून मोजतात. झोपेत झालं तर झोपायला गेला ती वेळ धरतात. भाऊजींचं घड्याळ साडेपाचला सुरू झालं नव्हतं, दीडलाच सुरू झालं होतं, गल्लीत, चप्पल निसटली तेव्हा. म्हणजे सहा वाजता वेळ संपली सुद्धा, तेव्हा आम्ही अजून तेल गरम करत होतो.

१९९५ साली अमेरिकेत या इंजेक्शनची मोठी ट्रायल छापून आली, तेव्हा मुदत ३ तास होती. २००८ ला युरोपातल्या ट्रायलनंतर ती साडेचार तास झाली. मेंदूला रक्त नेणारी मोठी नळी बंद झाली असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत सुद्धा, ते २०१८ पासून सुरू झालंय. भाऊजींची नळी आतली, बारीक, तार जाण्यासारखी नव्हती. इंजेक्शनच्या आधी सीटी का, तर गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही, मला ३१ वर्षांत कधी सांगता आलं नाही, आणि रक्तस्राव असताना रक्त पातळ करणारं औषध दिलं तर माणूस जागेवर जाईल. म्हणून घरात अ‍ॅस्पिरिन पण देऊ नका. मेंदूचं रक्त बंद झालं की मिनिटाला साधारण १९ लाख पेशी मरतात असं एका अमेरिकन डॉक्टरनं २००६ मध्ये हिशोब करून दाखवलं होतं. जवळच्या नर्सिंग होममधल्या त्या पाऊण तासाचा गुणाकार तुम्हीच करा.

त्याच आठवड्यात समोरच्या टॉवरमधल्या एका बँकेतून रिटायर झालेल्या साहेबांना झाला. नाश्ता करताना चमचा पडला, उचलायला गेले तर हात भलतीकडेच. बायकोनं मोबाईलवर कधीतरी व्हिडिओ बघितला होता, हसा म्हणाली, हात वर करा म्हणाली, नाव सांगा म्हणाली, आणि गाडी काढली. पाऊण तासात सीटी, दीड तासाच्या आत इंजेक्शन. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, ते आधी कोणालाच माहीत नव्हतं, तिथून गुठळी गेली. आज चालतात, लिफ्ट बंद असली तर जिना चढतात, फक्त शब्द अडतो, चमच्याला चमचा म्हणता येत नाही, "ते, ते" म्हणतात आणि स्वतःवरच वैतागतात. सगळंच्या सगळं काही त्यांना पण परत मिळालं नाही. पण भाऊजींचा डावा हात अजून छातीशी आखडलेला आहे. फरक जातीचा का? दोघं एकाच तालुक्यातले आहेत, हे नंतर बोलताना कळलं.

आता समाजांबद्दल. फरक नसतोच असं मी म्हणत नाही. मुंबईत पारशी कॉलन्यांमध्ये घरोघर जाऊन १४ हजार लोकांची पाहणी झाली होती, १९८८ मध्ये छापून आली. लाखामागे ८४२ जणांना स्ट्रोक होऊन गेलेला निघाला. केवढा मोठा आकडा. पण त्या समाजात म्हातारी माणसं जास्त, वयाचा हिशोब लावला की तोच आकडा ४२४ वर येतो, म्हणजे अर्धा आकडा नुसता वयाचा. पहिला आकडा ऐकून कोणी म्हणालं असतं, बघा, अंडी खाऊन होतं. नंतर मुंबईतच २००५-०६ मध्ये पाहणी झाली, डॉ. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, त्यात वर्षाला लाखामागे साधारण १४५ नवे स्ट्रोक आणि २८ दिवसांच्या आत दर दहातले जवळजवळ तीन जण गेले. केरळात तिरुवनंतपुरमला शहर आणि खेडं वेगळं मोजलं, तर शहरात २८ दिवसांत शंभरातले २४-२५ गेले आणि खेड्यात ३७. जेवण तेच, भाषा तीच, माणसं तीच. मग बारा-तेरा जणांचा फरक कुठून आला?

परदेशात पण हाच घोळ आहे. अमेरिकेत ३० हजारांहून जास्त काळ्या आणि गोऱ्या लोकांवर २००३ पासून एक अभ्यास चालू आहे, रिगार्ड्स नावाचा, तिथं पन्नाशीच्या आसपासच्या काळ्या माणसांना गोऱ्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट स्ट्रोक. सगळे म्हणायचे रक्तातच आहे. मग बीपी, शुगर, सिगरेट, शिक्षण, पगार सगळं धरून हिशोब केला तर साधारण निम्मा फरक त्यातच सुटला. आणि मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट अशी की वरचं बीपी १० नं वाढलं तर गोऱ्यांमध्ये धोका ८ टक्क्यांनी वाढत होता आणि काळ्यांमध्ये २४ टक्क्यांनी. मशीनवरचा आकडा तोच, नुकसान तिप्पट. का, ते नक्की कोणाला सांगता येत नाहीये, पण वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं बीपी आणि मध्येच बंद केलेली गोळी डोळ्यासमोर आणा, मला तर आमची भाऊबीजच दिसते. लंडनच्या दक्षिण भागात १९९५ पासून रजिस्टर ठेवतात, तिथं पण काळ्या लोकांना गोऱ्यांच्या मानानं कितीतरी वर्षं आधी येतो.

३२ देशांत मिळून झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात दहा गोष्टी धरल्या तर जगातला साधारण ९० टक्के धोका त्यात येतो असं निघालं आणि त्यात पहिला नंबर बीपीचा, सगळीकडे, सगळ्या वंशांत. बाकीच्यांचा क्रम देशागणिक खालीवर होतो, पहिला नंबर हलत नाही.

आणि बीपी म्हटलं की मीठ आलं. मीठ प्रत्येकाच्या घरात वेगळ्या दारानं येतं एवढाच काय तो समाजासमाजातला फरक. आमच्याकडे घाटावर खर्डा आणि ठेचा, भाकरीवर मिठाचा खडा. इथल्या गावठाणात सुकट, सुके बोंबील, खारं. आगरी हा शब्दच मिठाच्या आगरावरून आला म्हणतात, बापजाद्यांनी मीठ पिकवलं. गुजराती-मारवाडी शेजारणीकडे पापड आणि फरसाण. ऑफिसला जाणाऱ्यांचं शेवपुरी नि मंच्युरियन. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढीच डब्ल्यूएचओची मर्यादा आहे आणि ती यातल्या एकाही घरात पाळली जात नाही, माझ्या घरात तर नाहीच, लोणच्याची बरणी टेबलावर असते. तेव्हा एकमेकांकडे बोट दाखवण्यात काही अर्थ नाही.

तंबाखूचं मात्र कोणी उघड बोलत नाही. सिगरेट बाईच्या हातात दिसली की गल्ली गोळा होईल, पण मशेरी? सकाळी तव्यावर तंबाखू भाजून दाताला लावणाऱ्या बायका मी वॉर्डात रोज बघायचे, देशावरच्या, कोकणातल्या, आणि केसपेपरवर "व्यसन नाही" लिहिलेलं असायचं, कारण विचारणाऱ्या डॉक्टरला मशेरी माहीत नसायची आणि बाईला ते व्यसन वाटायचं नाही. माथाडींच्या टोळीत तंबाखू-चुन्याची पुडी चहासारखी फिरते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कुठल्या टपरीवर पाळतात ते मला दाखवा, मी तिथं पान खाईन.

एक गोष्ट राहतेय, ती बायकांची. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊन तरण्याताठ्या पोरी येतात, आपल्या देशात तरुण बायकांच्या स्ट्रोकमध्ये हे बरंच दिसतं. हा स्ट्रोक उलटा, यात डोकं भयंकर दुखतं, फिट येते, आणि घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. आणि आपल्याकडे पद्धत काय, तर बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं म्हणून. डिलिव्हरीनंतर रक्त आधीच घट्ट, त्यात पाणी तोडलं, वर रक्त कमी असलं तर आणखी वाईट. माझी स्वतःची सासू मला तांब्याभर पाण्यात दिवस काढायला लावायची, मी चोरून बाथरूममधल्या बादलीतलं प्यायचे. नर्स असून. ही पद्धत आगऱ्यांत आहे, मराठ्यांत आहे, भय्यांच्यात आहे, सगळीकडे आहे, त्यावर कोणी फॉरवर्ड पाठवत नाही.

आता घरी आल्यानंतरचं. पेपरात सगळं इंजेक्शनपाशी संपतं आणि आमचं तर तिथून सुरू झालं. भाऊजींना नवव्या दिवशी सोडलं. उठवताना दोन भाचे आले आणि एकानं लुळा हात धरून वर ओढलं. लेकीनं त्याला तिथंच ढकललं. लुळ्या हाताला ओढलं की खांदा खोबणीतून खाली उतरतो, मग तो खांदा महिनोन् महिने ठणकतो आणि दुखतो म्हणून पेशंट व्यायाम करत नाही आणि व्यायाम नाही म्हणून हात आखडतो. कमरेला धरून उठवायचं, लुळ्या हाताखाली उशी ठेवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, एवढं तीन वाक्यांचं ज्ञान डिस्चार्जच्या कागदावर नसतं. कागदावर काय असतं, "फिजिओथेरपी करणे". कुठे, कोणाकडून, कशानं? खासगी फिजिओ घरी येऊन एका वेळचे जे पैसे घेतो त्यात माथाडीचा अर्ध्या दिवसाचा रोज जातो, आणि तो रोज आता येत नाहीये. सुधारणा व्हायची ती जास्त करून पहिल्या तीन महिन्यांत होते. आमचे तीन महिने माझ्या लेकीमुळे निघाले, तिची ड्युटी संपल्यावर रोज रात्री नऊला. ज्यांच्या घरात अशी लेक नाही त्यांचं काय?

सरकारी माणसं म्हणतात की घरच्यांना शिकवा, घरचेच करतील. हे पण तपासून झालंय. भारतातल्याच १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटवर २०१७ साली छापून आलेली ट्रायल आहे, अर्ध्यांच्या घरच्यांना व्यवस्थित ट्रेनिंग दिलं, अर्ध्यांना नाही, आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडे तेवढेच. म्हणजे घरच्यांनी करू नये असं नाही, करावंच लागतं, पण फिजिओथेरपिस्ट नेमायचे पैसे वाचवायला तो रस्ता नाही. जाऊबाई बिचाऱ्या पापडाचं काम सोडून दिवसभर त्यांच्यापाशी, त्यांचं स्वतःचं बीपी मी परवा बघितलं तर १५२.

आणि रडणं. पन्नास किलोची गोणी उचलणारा माणूस जाहिरात बघून रडतो. जवळजवळ तीनातल्या एकाला स्ट्रोकनंतर डिप्रेशन येतं, त्यावर औषध आहे. पण आमच्या नातेवाइकांचं म्हणणं, मनानं खचलेत, देवाला घेऊन जा. जेजुरीला नेलं होतं. मी नको म्हटलं नाही, पण गोळी पण सुरू करायला लावली.

एक विचित्र गोष्ट सांगते. सरकारनं बीपीची जी मोहीम २०१८ च्या सुमाराला काही जिल्ह्यांत सुरू केली त्यात आपल्या राज्यात सातारा पहिल्या चारात होता. गावाकडच्या केंद्रावर बीपी मोजतात, नाव लिहितात, महिन्याच्या गोळ्या फुकट देतात, नाही आलं तर चौकशी करतात. भाऊजींचा मोठा चुलतभाऊ गावी राहतो, त्याचं कार्ड आहे, बीपी १३० च्या आत. जो गावी राहिला त्याच्यावर लक्ष आणि जो पोटासाठी कोपरखैरण्याला आला तो पहाटे निघतो आणि दवाखान्याची ओपीडी नऊला उघडते. बीपीची साधी गोळी दिवसाला एका कटिंगपेक्षा स्वस्त आहे, पालिकेच्या दवाखान्यात तर फुकट मिळते, अडतंय ते वेळेचं. मार्केटच्या गेटवर पहाटे पाच ते सात एक नर्स आणि एक मशीन बसवा, टोळीच्या मुकादमाकडे यादी द्या, बघा काय निघतं ते. मी स्वतः रविवारी सकाळी आमच्या चौकात मशीन घेऊन बसते, येणाऱ्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा हाताला पट्टा बांधलेला असतो. फक्त चहा-तंबाखू झाल्या झाल्या मोजू नका, पाच मिनिटं गप्प बसवा, हात टेबलावर ठेवा, आणि गप्पा मारू नका, नाहीतर सगळ्यांचंच वाढलेलं दिसेल.

तुमच्याकडे मागणं एकच आहे, पुढच्या वर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिनाचं पान काढाल तेव्हा टायवाल्या मुलाचा फोटो नका टाकू. त्यापेक्षा ठाणे ते बेलापूर कुठल्या हॉस्पिटलात २४ तास सीटी चालू असतो, कुठे ते इंजेक्शन रात्री दोन वाजता पण मिळतं, आणि कुठे महात्मा फुले योजनेत दाखल करतात, एवढी यादी छापा, आणि दर महिन्याला तुमच्या वार्ताहराला फोन करून तपासायला लावा, कारण मशीन बंद पडतात आणि डॉक्टर बदलतात. १०८ वाल्यांना पण ती यादी द्या, म्हणजे तीन दारं फिरावी लागणार नाहीत. रोज छापायची गरज नाही. राशीभविष्याच्या खाली दोन इंच जागा पुरेल.

आपली नम्र,
एक रिटायर्ड सिस्टर,
कोपरखैरणे, नवी मुंबई